आगोटीची बेगमी आणि साठ्याचा तक्ता



कर्जत म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नगरकडचे कर्जत येते. तो आपल्यासारखाच उसाचा आणि ज्वारीचा मुलूख. या लेखातले कर्जत मात्र दुसरे. बोरघाट उतरून खाली गेले की पायथ्याला जे लागते ते, रायगड जिल्ह्यातले. त्याला लागूनच खालापूर तालुका, आणि त्यात घाटाच्या तोंडाशी वसलेली खोपोली. हा सारा भाताचा मुलूख आहे. उसाचे फड तिथे दिसायचे नाहीत. मग उसवाल्यांच्या पत्रकात त्यांची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. तर ती अशासाठी, की आपल्या घरात, गोठ्यात, खताच्या खोलीत आणि कारखान्याच्या स्टोअरमध्ये जो एक प्रश्न दरसाल अडतो, त्याचे उत्तर त्या मुलखाने फार जुन्या काळापासून अंगवळणी पाडून ठेवले आहे.

प्रश्न साधा आहे. माल संपल्यावर मागवायचा, की संपण्याआधी? आणि आधी, तर किती आधी?

पावसाने शिकवलेला हिशेब

सह्याद्रीच्या आपल्या बाजूला वर्षाकाठी पाचसहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी आपण समाधान मानतो. त्याच सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला, कर्जत-खालापुरात, चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. ओढे भरले, वाटा बंद झाल्या, की डोंगराकडेच्या वाड्या-पाड्यांचा बाजाराशी संबंध तुटायचा. म्हणून मृग निघण्याच्या आत चार महिन्यांची बेगमी घरात आणून टाकायची रीत पडली. कोकणात तिला आगोट म्हणतात. कणगीत भात, गाडग्या-मडक्यांत मीठ आणि मसाला, फडताळात पापड-लोणची, आमसुले, सुके बोंबील आणि सुकट, पडवीत कोरडी लाकडे आणि शेणी, गुरांसाठी पेंढ्याची उडवी. आता रस्ते झाले, दुकाने गावात आली, तरी मे महिन्याच्या अखेरीस त्या बाजूच्या बाजारांत आगोटीच्या खरेदीची गर्दी अजून होते.

आगोट भरणाऱ्या बाईला कोणी हिशेबशास्त्र शिकवलेले नसते. पण ती चार गोष्टी मनाशी धरून चालते. घरात खाणारी तोंडे किती? रोज किती लागते? पुढचा बाजार केव्हा गाठता येईल? आणि पाऊस लांबला, पाहुणा आला, तर हाताशी किती असावे? या चार गोष्टींचा मेळ घालून ती खरेदीची तारीख ठरवते. कणगी रिकामी झालेली बघून ती बाजाराला निघत नाही. तिचे बघणे कॅलेंडरकडे असते.

आपल्याकडे काय होते? खताचे शेवटचे पोते फोडले की आठवण होते. मग दुकानात जावे तर रांग, किंवा 'परवा गाडी येईल' हे उत्तर. ती गाडी चार दिवसांनी येते. तोवर उसाचा दुसरा हप्ता द्यायची वेळ टळून गेलेली. नुकसान होते ते वेळेचे, आणि उसात वेळ म्हणजे टनेज.

माथेरानचे दुकान

याच कर्जत तालुक्यात, नेरळच्या वर, माथेरान आहे. तिथे दस्तुरी नाक्यापलीकडे मोटारींना बंदी आहे. सगळा माल नाक्यापर्यंत गाडीने, आणि तिथून पुढे घोड्यांच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली; पण पावसाळ्याचे चार महिने नेरळ ते दस्तुरीजवळच्या अमन लॉजपर्यंतची तिची घाटातली फेरी बंद ठेवतात.

अशा ठिकाणी दुकान चालवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते. मागणी दिल्यापासून माल फळीवर लागेपर्यंत किती दिवस जातात? खाली नेरळच्या दुकानदाराला साखर संध्याकाळी संपली तर सकाळी मिळेल. वर माथेरानला तसे नाही. दोघांची विक्री रोज सारखीच असली, तरी वरच्याला मागणी लवकर द्यावी लागते. म्हणजे 'केव्हा मागवायचे' हे खपावर जितके अवलंबून, तितकेच वाटेवर. आपण खप लक्षात ठेवतो, वाट विसरतो. फसगत होते ती इथेच.

तळ्यातले पाणी

तिसरी गोष्ट त्याच मुलखातली, पण आकाराने फार मोठी. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस वळवण, शिरवता, लोणावळा आणि ठोकरवाडी या तळ्यांत अडवायचा, आणि नळांतून खाली सोडून वीज करायची. पाऊस चार महिने, वीज बारा महिने. खालच्या अंगाला ते पाणी पाताळगंगेला आणि उल्हासेला मिळते, त्याच्यावर आणखी कितीकांचे पिणे आणि शेती.

आता विचार करा. आवक वर्षातून एकदा, जावक रोज. जानेवारीत तळे निम्मे दिसले म्हणून घाबरायचे की नाही, हे नुसत्या पातळीवरून कळत नाही. पुढचा पाऊस किती दिवसांवर आहे आणि रोज किती सोडायचे आहे, हे पातळीच्या शेजारी मांडले तरच कळते. तेव्हा साठ्याचा आकडा एकटा मुका असतो. त्याच्या शेजारी रोजचा वापर आणि पुढच्या आवकेची तारीख बसवली म्हणजे तो बोलू लागतो. या लेखाचे सार एवढेच आहे. बाकी सारा तपशील.

तक्ता म्हणजे काय

हा मेळ डोक्यात ठेवणे एका घराला जमते. पण खते सहा प्रकारची, औषधे दहा, गोठ्यातले पशुखाद्य, पंपाचे सुटे भाग, ठिबकच्या नळ्या असा पसारा झाला की डोके पुरत नाही. तेव्हा कामाला येतो तो संगणकावरचा रकान्यांचा तक्ता, ज्याला स्प्रेडशीट म्हणतात. अमेरिकेत १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी 'व्हिसीकॅल्क' नावाचा असा पहिला लोकप्रिय तक्ता बाजारात आणला. पुढे एक्सेल घरोघरी पोचले, आणि आज तो तक्ता मोबाइलवरसुद्धा उघडतो. त्याची करामत एकच: एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलतात. खाडाखोड नाही, पुन्हा बेरीज नाही.

ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी चौकटीच्या वहीत हेच रकाने आखले तरी चालेल. बेरीज हाताने करावी लागेल, एवढाच फरक.

दोन पाने करावीत. पहिले पान आवक-जावकीचे. त्यात पाच रकाने: तारीख, मालाचे नाव, आवक, जावक, आणि कशासाठी. प्रत्येक नोंद नव्या ओळीत. मागची नोंद पुसायची नाही.

दुसरे पान शिल्लकीचे. त्यात प्रत्येक मालाला एकच ओळ, आणि रकाने असे: मालाचे नाव, आजची शिल्लक, रोजचा वापर, माल यायला लागणारे दिवस, राखीव साठा, मागणीची पातळी, आणि शेवटी 'मागवा' की 'थांबा'. आजची शिल्लक म्हणजे पहिल्या पानावरची त्या मालाची एकूण आवक वजा एकूण जावक. ही बेरीज तक्ता नाव बघून स्वतः करतो. घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला सांगितले तर एका संध्याकाळी सूत्र बसवून देतील.

मागणीची पातळी काढण्याचे सूत्र पाठ करण्याजोगे आहे:

रोजचा वापर गुणिले माल यायचे दिवस, अधिक राखीव साठा.

शिल्लक या आकड्यापर्यंत उतरली की त्याच दिवशी मागणी द्यायची. शिल्लक पातळीइतकी किंवा कमी झाली की तो खाना तांबडा व्हावा, अशीही सोय तक्त्यात असते. तांबडे दिसले की फोन उचलायचा.

गोठ्याचे उदाहरण

समजा, गोठ्यात तीन गाई आहेत आणि प्रत्येकीला रोज ५ किलो पशुखाद्य लागते. रोजचा वापर १५ किलो. सांगितल्यापासून माल यायला ४ दिवस लागतात. म्हणजे तेवढ्यात ६० किलो खपणार. गाडी चुकली, सण आला, म्हणून ३ दिवसांचे ४५ किलो राखीव धरले. मागणीची पातळी झाली १०५ किलो. पन्नास किलोच्या पोत्यांचा विचार केला तर दोन पोती शिलबंद आणि तिसऱ्याच्या तळाला पाच किलो उरले की मागणी गेलीच पाहिजे. 'अजून दोन पोती हायेत की' असं म्हणून जो थांबला, त्याच्या गाई सात दिवसांनी उपाशी.

किती मागवायचे, हा पुढचा प्रश्न. थोडे थोडे आणले तर टेंपोचे भाडे आणि हेलपाटा वाढतो. एकदम ढीग आणला तर पैसे अडकतात आणि माल खराब होतो. या दोन खर्चांचा समतोल गणिताने काढायची रीत अमेरिकेतल्या फोर्ड हॅरिस या अभियंत्याने १९१३ सालीच मांडली. आपल्याला तेवढ्या खोलात जायचे कारण नाही. भाडे आणि व्याज दोन्ही कागदावर शेजारी शेजारी लिहिले तरी डोळे उघडतात.

उसाच्या खताचे वेळापत्रक

पशुखाद्य रोज लागते, खत तसे लागत नाही. ते हप्त्यांनी लागते. म्हणून तिथे 'रोजचा वापर' या रकान्याऐवजी 'कोणत्या तारखेला किती' असा रकाना करावा.

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकरी नत्र धरले सुमारे १६० किलो. सगळे नत्र युरियातून द्यायचे ठरवले, तर युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून एकरी सुमारे ३४८ किलो युरिया. नत्राचे हप्ते चार: लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के, आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४० टक्के. म्हणजे एकराला पहिल्यांदा ३५ किलो, मग १३९, मग पुन्हा ३५, आणि शेवटी १३९ किलो. माती परीक्षणाचा अहवाल हाती असेल, किंवा डीएपीसारख्या खतातून काही नत्र जाणार असेल, तर त्याप्रमाणे आकडे बदलावेत. तक्ता बाकीचे आकडे स्वतः बदलील.

हे आकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या हप्त्याला दोन एकरांत दोन पोती पुरतात, म्हणून शेतकरी निर्धास्त होतो. पण दुसऱ्याच हप्त्याला चौपट माल लागतो, आणि तो आजूबाजूच्या साऱ्यांना एकाच पंधरवड्यात लागतो. लागण १ ऑगस्टची असेल तर हा हप्ता सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो. तेव्हा लागणीच्या दिवशीच तक्त्यात तारीख मांडावी, तिच्यातून माल मिळायचे दिवस आणि आठवडाभर राखीव वजा करावेत, आणि जी तारीख येईल ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर तांबड्या शाईने लिहावी. ही आपली आगोट.

सगळा युरिया जूनमध्येच आणून टाकावा काय? तसे करू नये. युरिया हवेतला ओलावा धरतो, पावसाळी हवेत त्याचे ढेकळे होतात. शिवाय पैसे अडकतात आणि गरज असलेल्या शेजाऱ्याला माल मिळत नाही. साठेबाजी आणि बेगमी यांत अंतर आहे. बेगमी गरजेच्या मापाने होते, साठेबाजी भीतीच्या मापाने.

आणखी एक सूचना. नोंद पोत्यांत करू नये, किलोत करावी. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले आहे. डीएपीचे ५० किलोचेच आहे. 'दहा पोती' लिहून ठेवणाऱ्याचा युरियाचा हिशेब पन्नास किलोने चुकतो. याच २०१८ सालापासून देशभर अनुदानित खताची विक्री पॉस यंत्रावर होते. दुकानात पोते विकले की त्याची जावक यंत्रात पडते. दुकानदाराचा साठा जर असा पोत्यापोत्याने मोजला जातो, तर आपल्या खोलीतला आपण का मोजू नये?

आपल्या सर्वांचे कोठार

सभासद हा कारखान्याचा मालक आहे. म्हणून घरचा हिशेब कारखान्यालाही लावून पाहावा. नुसते उदाहरण घेऊ. रोज ५,००० टन गाळप आणि ११ टक्के उतारा धरला तर रोजची साखर ५५० टन. पन्नास किलोच्या हिशेबाने रोज ११,००० पोती लागली. पोती यायला १० दिवस आणि ५ दिवस राखीव धरले तर १,६५,००० पोत्यांवर शिल्लक उतरताच मागणी गेली पाहिजे. तागाचे पोते बंगालकडच्या गिरण्यांतून येते. त्याची वाट लांब. तसेच गंधक, चुना, वंगण, बेअरिंग यांचे.

एखादे बेअरिंग स्टोअरमध्ये नाही म्हणून मिल थांबली, तर तोटा बेअरिंगच्या किमतीएवढा नसतो. गव्हाणीजवळ गाड्यांत तोडलेला ऊस उभा राहतो. तो वाळतो, वजन घटते, उतारा उतरतो. तो ऊस कोणाचा? तुमचा-आमचा. उलट बाजूही तितकीच खरी. 'असू द्या, लागेल कधीतरी' म्हणून आणलेला आणि वर्षानुवर्षे न हललेला माल म्हणजे झोपलेले भांडवल. शेकडा १२ व्याजाच्या कर्जातून एक लाखाचा माल सहा महिने पडून राहिला तर सहा हजार रुपये व्याजात गेले. म्हणून दरवर्षी हंगाम संपला की न हललेल्या मालाची यादी वेगळी काढणे हे स्टोअरचे काम, आणि वार्षिक सभेत तिची चौकशी करणे हा सभासदाचा हक्क आहे.

तक्ता कुठे फसतो

तक्ता हुशार असला तरी आंधळा आहे. जे लिहाल तेच तो वाचतो. पुढील पथ्ये पाळावीत.

एक: माल उचलला त्याच वेळी नोंद. रात्री लिहू म्हटले की राहिलेच. खोलीच्या दाराला वही आणि पेन्सिल दोरीने बांधून ठेवावी. त्यावरून संध्याकाळी तक्त्यात उतरवावे.

दोन: नाव एकच. आज 'युरिया', उद्या 'यूरिया' लिहिले तर तक्ता त्यांना दोन निराळे माल समजतो आणि दोघांची शिल्लक चुकीची दाखवतो. नावांची यादी आधी ठरवून त्यातूनच निवडावे.

तीन: शिल्लक उणे दिसली तर तक्ता बिघडलेला नसतो, कुठली तरी आवक लिहायची राहिलेली असते, किंवा जावक दोनदा पडलेली असते. ती शोधावी. आकडा दडपून शून्य करू नये.

चार: महिन्यातून एकदा प्रत्यक्ष मोजणी. तक्त्यात तीन पोती आणि खोलीत दोन, तर खोली खरी. फरक का पडला हे तेथेच लिहावे. उंदीर, ओल, उसनवारी, काहीतरी कारण निघतेच.

पाच: औषधांच्या पुढे मुदतीची तारीख लिहावी, आणि ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरावे. खतात जुने पोते आधी. नवा माल पुढे आणि जुना भिंतीकडे, ही आपली नेहमीची सवय मोडावी लागेल.

सहा: तक्त्याची एक नक्कल दुसरीकडे ठेवावी. मोबाइल विहिरीत पडतो, हिशेब पडू नये.

यातले एकही काम अवघड नाही. अवघड आहे ती रोजची सवय. एकदम साऱ्या मालाचा तक्ता करायला बसू नका. तो दोन दिवसांत कंटाळा आणील. ज्या एका वस्तूवाचून मागच्या साली तुमचे काम अडले, तिच्यापासून सुरुवात करा. एक ओळ, सात रकाने. महिनाभर चालली की दुसरी ओळ घाला. घरातल्या बायकांना या कामात जरूर घ्या. डब्यांतली डाळ-साखर संपायच्या आत यादी करणारे डोके घरात आधीपासूनच आहे, त्याच्या हाती खताचा तक्ता दिला तर काम नेटके होईल.

येत्या लागणीच्या आधी प्रत्येक सभासदाने आपल्या खताच्या खोलीची एकदा मोजदाद करावी, आणि दुसऱ्या हप्त्याची मागणी कोणत्या तारखेला द्यायची ती तारीख लिहून ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.